पोटभाडेकरू

मराठी भाषेत ‘गाठ’ या शब्दाने जितकी माणसे जोडली आहेत, तितकी दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच जोडली असतील. दोन माणसे रस्त्यात भेटली की त्यांची गाठ पडते. उपरण्याला शेला बांधला की जन्माची गाठ बसते. गोष्ट विसरू नये म्हणून आपण मनाशी खूणगाठ बांधतो, चार पैसे शिल्लक पडले की ते गाठीला ठेवतो, आणि पुडीच्या दोऱ्याची निरगाठ सुटेनाशी झाली की घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या नखांना पाचारण करतो. चौतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. या एका शब्दाचे वाक्प्रचार मुलांकडून लिहून घ्यायचे म्हटले की फळ्याची एक बाजू पुरत नसे. पण त्याचा एक अर्थ मी फळ्यावर कधीही लिहिला नाही. शब्दकोशात तो आहे. आमच्या घरात मात्र तो उच्चारण्याची पद्धत नव्हती.

आमचे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू – १९७१ साली पोटातल्या गाठीने गेले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. जेवण वर येते, चार घास खाल्ले की पोट तट्ट फुगते, असे ते वर्षभर सांगत होते. गावातले डॉक्टर पोटावर हात ठेवून पाहत आणि म्हणत, “बघू.” पुढे शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांचे पोट उघडले आणि काही न करता तसेच शिवून टाकले. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली आक्का त्यांची शुश्रूषा करायला सासरहून आली होती. शेवटचे तीन महिने तिने काढले. त्यानंतर आमच्या घरात त्या दुखण्याला ‘ते’ म्हणू लागले. “अण्णांना ते झालं होतं.” इतकेच काय, पाडव्याला गुढीला घालतात त्या साखरेच्या गाठींनाही आक्का ‘साखरेची माळ’ म्हणू लागली. दुकानदार बुचकळ्यात पडे. आम्ही पडत नसू.

ही झाली पूर्वपीठिका. आता माझ्या स्वतःच्या पोटाकडे वळतो.

२०११ साली मी निवृत्त झालो. निवृत्त मास्तराला निवृत्तिवेतन सुरू व्हायला काही महिने लागतात; आम्लपित्त मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होते. आमच्या हिने आधी धण्याचे पाणी, मग आवळकाठी, मग थंड दूध असे तीन अध्याय पुरे केले आणि चौथ्या अध्यायात फर्मान काढले, “आता तुमच्या त्या विद्यार्थ्याला दाखवा.”

हा विद्यार्थी म्हणजे साताऱ्यातच पोटाच्या विकारांचा दवाखाना चालवणारा एक डॉक्टर. एके काळी तो माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. वर्गाबाहेर मी त्याला ‘अरे’ म्हणतो आणि दवाखान्यात ‘डॉक्टर’. तो दोन्हीकडे मला ‘सर’ म्हणतो. त्याने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि दुर्बीण घालून जठर पाहायचे ठरवले. ज्या मुलाला मी “तोंड उघड, कविता म्हण,” असे दरडावले होते, तो मला डाव्या कुशीवर निजवून म्हणत होता, “सर, तोंड उघडा.” नियतीची वही फार व्यवस्थित ठेवलेली असते.

घशात बधिर करणारे औषध मारून त्याचा परिणाम होईपर्यंत त्याने मला या दुर्बिणीची गोष्ट सांगितली. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टराने प्रथम जिवंत माणसाच्या जठरात नळी घालून पाहिले. नळी सरळ आणि कडक. ती गिळणार कोण? त्यासाठी त्याने तलवार गिळण्याचे खेळ करणारा एक माणूस गाठला! पुढे १९५४ साली पंजाबात मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स या आपल्या गुरूंबरोबर काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेता येते, असे दाखवून दिले. त्या शोधाच्या आधारे अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण तयार केली, आणि १९५७ साली ती आधी स्वतः गिळून पाहिली. “तेव्हा सर, आता तलवार गिळणारा लागत नाही,” डॉक्टर म्हणाला, “मास्तरही चालतात.”

दुर्बीण आत गेली, बाहेर आली. तोंड पुसून मी बसलो तेव्हा डॉक्टर हातातल्या चित्राकडे पाहत होता. “आम्लपित्त किरकोळ आहे,” तो म्हणाला, “पण जठराच्या खालच्या भागात, बाहेर पडायच्या दाराजवळ एक गाठ दिसते.”

चाळीस वर्षांत तो शब्द आमच्यापैकी कोणासमोर इतक्या स्वच्छ आवाजात उच्चारला गेला नव्हता. ही शेजारीच बसली होती. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडवले, पुन्हा गुंडाळले. बोलली नाही.

“मला ती चरबीची वाटते,” डॉक्टर लगेच म्हणाला. “वरचं अस्तर गुळगुळीत आहे, रंग पिवळसर आहे. चिमट्याचं टोक दाबलं तर उशीसारखा खळगा पडतो आणि सोडलं की भरून येतो. पण वाटणं वेगळं आणि ठरणं वेगळं. वरचा एक कण तपासायला पाठवलाय.”

तो निकाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी एकही पुस्तक धड वाचले नाही. रात्री झोप लागली आहे असे मी दाखवीत असे आणि पलीकडे हीही तेच दाखवीत असे. दोघेही इतका उत्तम अभिनय करीत होतो की पहाटे एकमेकांना चहा विचारताना कोणाचा घसा आधी साफ होतो एवढाच प्रश्न उरे.

दहाव्या दिवशी निकाल आला : अस्तर निरोगी. मी उठून उभा राहिलो. डॉक्टरने मला पुन्हा बसवले. “सर, यावरून गाठीचं काहीच कळत नाही. जठराच्या भिंतीला थर असतात. आतून अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू, मग बाहेरचं आवरण. चरबीची गाठ बहुतेक वेळा त्या दुसऱ्या थरात असते. वरचं अस्तर तिच्यावरून नुसतं ताणलेलं असतं. चिमट्यात आलं ते अस्तर.”

मी गोंधळलो. पण ही नऊ दिवसांत प्रथमच मोकळेपणाने बोलली. “म्हणजे करंजीची कड मोडून बघितली. सारण कुठं कळलंय अजून?”

डॉक्टर हसला. गेली कित्येक वर्षे आपण लोकांना हे समजावून सांगतो आहोत, पण इतके सोपे कधी जमले नाही, असे तो म्हणाला. तेव्हापासून त्याच्या दवाखान्यात करंजीचा दाखला देतात असे ऐकतो.

सारण कळण्यासाठी पोटाचा स्कॅन काढला. हे यंत्र काय करते, तर शरीराच्या प्रत्येक भागाला गुण देते. हौन्सफील्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने हे यंत्र बनवले, म्हणून गुणांना त्याचेच नाव आहे. पाण्याला शून्य. हवेला उणे १,०००. हाडांना शेकड्यांनी अधिक गुण. साध्या मांसाच्या गाठी शून्याच्या वर राहतात. चरबीला मात्र साधारण उणे ७० ते उणे १२० मिळतात. माझ्या गाठीला उणे ९५ मिळाले होते. आयुष्यभर मुलांना गुण दिले, पण उणे गुण मिळाल्याचा इतका आनंद झालेला विद्यार्थी मी पाहिला नव्हता, आणि तो विद्यार्थी मी होतो.

या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती १९७१ साली, लंडनजवळ विंबल्डन येथे. डॉक्टर हे सहज सांगून गेला. मी ते साल मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटले आणि पुढे ऐकू लागलो.

जठरातल्या शंभर गाठींत अशी गाठ जेमतेम एखादी सापडते. चरबीच्या गाठी अन्नमार्गात होतात त्याही बहुधा मोठ्या आतड्यात. त्यांपैकी शेकडा पाचच्या आसपास जठरात. सुश्रुताने ग्रंथींचे प्रकार सांगताना मेदाची ग्रंथी वेगळी मोजली आहे, तेव्हा हा प्रकार काही नवा नव्हे. फक्त पोटाच्या आत बसलेली ही ग्रंथी पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. ही गाठ कर्करोगाकडे वळत नाही. जाड माणसालाच ती होते असेही नाही. आता माझी अंगकाठी म्हणाल तर वर्गातली मुले मला पाठीमागे ‘छडी’ म्हणत. हातातल्या छडीवरून नव्हे. “सर,” डॉक्टर निघताना म्हणाला, “तुम्ही आम्हाला विचारायचात, ‘चरबी चढली काय रे?’ आमच्या कुणाला चढली नाही. सगळी तुमच्याकडेच जमा होती.”

“मग आता काढायची का?” मी विचारले.

“त्रास देत नसेल तर नाही. अडीच सेंटिमीटर आहे, म्हणजे बोराएवढी. राहू दे. तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. शौचाला डांबरासारखी काळी झाली, जिना चढताना धाप लागून चेहरा पांढरा पडायला लागला, किंवा जेवल्यावर वारंवार उलटी होऊ लागली, तर त्याच दिवशी यायचं.”

‘राहू दे’ हे दोन शब्द ऐकायला सोपे. नातेवाइकांना ऐकवायला महाकठीण. डॉक्टरने बोराएवढी म्हटलेली गाठ कराडच्या मावसभावाकडे पोचेपर्यंत आवळ्याएवढी झाली होती, कोल्हापुरात ती लिंबाएवढी झाली आणि मुंबईला व्याह्यांच्या कानावर गेली तेव्हा मोसंबीच्या खाली बोलायला कोणी तयार नव्हते. कोणी लसूण सांगितली, कोणी गोमूत्र, कोणी महिनाभर तेलतूप वर्ज्य करायला सांगितले. डॉक्टरला विचारले तर तो म्हणाला, तेलतूप कमी करणे चांगलेच, पण या गाठीची चरबी वेगळ्या खात्यावर आहे. उपास करून ती खर्ची पडत नाही.

या सगळ्यांना उत्तर देता येत होते. आक्काला देता येईना. ती सत्तरीची, गुडघे धरून एसटीने एकटी आली. पाणीही न पिता म्हणाली, “काढून टाक.”

“अगं, डॉक्टर म्हणतात गरज नाही. बघत राहू.”

“अण्णांच्या वेळीही डॉक्टर ‘बघू’च म्हणत होते, बाळ.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी पायांकडे पाहत राहिलो. आक्काचे म्हणणे खुळे नव्हते. तिने ते तीन महिने पाहिले होते; मी कॉलेजच्या वसतिगृहात होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरने तिला खुर्ची दिली, दोन्ही चित्रे दिव्यासमोर धरली आणि अर्धा तास समजावून सांगितले. शेवटी तो म्हणाला, “आक्का, तेव्हा ‘बघू’ म्हणाले कारण बघता येत नव्हतं. आज आपण आत जाऊन बघितलंय, बाहेरून बघितलंय, आणि मग ‘बघत राहू’ म्हणतोय. शब्द एकच आहे, पण त्याच्या आधी काय केलं ते पाहा.”

आक्का बराच वेळ चित्राकडे पाहत होती. मग म्हणाली, “असं बघता आलं असतं तर.” वाक्य तिने तिथेच सोडले. परतताना तिने माझा हात धरला होता. गुडघ्यांसाठी, असे ती म्हणाली.

अशा रीतीने मी त्या गाठीसह राहू लागलो. जुन्या वाड्यात पोटभाडेकरू असतो ना, तसा हा माझा अक्षरशः पोटभाडेकरू. भाडे देत नाही, पण आवाजही करीत नाही. अशा भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी भिंत फोडायची, तर नुकसान घरमालकाचेच. २०१४ साली एकदा दुर्बिणीतून त्याची विचारपूस करून आलो. तो होता तिथे, होता तसा होता. सात वर्षांत मी दोन नातवंडांना पाढे शिकवले, पंढरपूरला जाऊन आलो, भुईमुगाच्या शेंगा भरपूर खाल्ल्या. आणि हो, रोज सकाळी डॉक्टरने सांगितलेल्या तीन गोष्टी पाहत होतो. भाडेकरू शांत आहे म्हणून घराकडे डोळेझाक करायची नसते.

२०१८ च्या नवरात्रात एके सकाळी पहिली गोष्ट दिसली. संध्याकाळी आरतीला उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच रात्री दवाखाना गाठला. “लोहाच्या गोळ्या घेताय का?” डॉक्टरने आधी विचारले, त्यांनीही शौचाला काळी होते. मी घेत नव्हतो. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७ वर आले होते. दुर्बिणीत दिसले की भाडेकरूने हातपाय पसरले आहेत. गाठ पाच सेंटिमीटरांवर गेली होती. ताणून ताणून वरचे अस्तर पातळ झाले होते, त्यावर जठरातले आम्ल पडून व्रण झाला होता आणि तिथून रक्त झिरपत होते. शिवाय ती दाराच्या इतकी जवळ आली होती की न्हाणीच्या मोरीत बोळा बसावा तशी एक दिवस बसली असती.

“आता काढायची,” डॉक्टर म्हणाला. २०११ साली ‘राहू दे’ म्हणताना होता तसाच त्याचा आवाज होता.

मला रक्त दिले आणि पुण्यात एका शल्यचिकित्सकाकडे पाठवले. लहान गाठी दुर्बिणीतूनच फासा टाकून काढता येतात, असे त्यांनी सांगितले. पण चरबीतून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे मोठी गाठ तशी कापायची तर विजेचा जोर वाढवावा लागतो आणि जठराला भोक पडण्याची भीती वाढते. म्हणून पोटाला लहान लहान छिद्रे पाडून, जठर थोडे उघडून, गाठ सोलून काढायची आणि जठर शिवून टाकायचे असे ठरले. गाठ साधी असल्याची खात्री असल्यामुळे जठराचा मोठा भाग कापायचे कारण नव्हते. ही शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर बसली होती आणि तिच्या शेजारी, नको नको म्हणत असताना, आक्काही.

शुद्धीवर आल्यावर मला गाठीचे चित्र दाखवले. पिवळीधमक, गुळगुळीत; कढवायला काढलेल्या लोण्याच्या गोळ्यासारखी. आकाराने लिंबाएवढी. कोल्हापूरकरांचा अंदाज सात वर्षे आधीच बरोबर आला होता. मुंबईकरांचा मात्र शेवटपर्यंत चुकला.

दिवाळीला मी घरी होतो. साऱ्या वाड्यात भाजणीच्या चकलीचा वास सुटला होता आणि माझ्यापुढे मऊ भात आणि ताक. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे. त्या वर्षी बहीण भावाकडे आली. ओवाळून झाल्यावर मी आक्काच्या ताटात ओवाळणीबरोबर तपासणीच्या निकालाचा कागद ठेवला. त्यात लिहिले होते की साऱ्या पेशी साध्या चरबीच्या आहेत, वाईट काही नाही. इंग्रजी तिला येत नाही. तिने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घातली आणि ओच्यात खोचला.

मला पुष्कळजण विचारतात, की मग आधीच काढली असती तर? सात वर्षे चांगली गेली, हे माझे उत्तर. काढण्याची वेळ आली तेव्हा वेळ न घालवता काढली, हे उत्तराचे दुसरे अर्धे. ही दोन्ही अर्धी त्या पहिल्या पाहण्यामुळे मिळाली. अण्णांच्या वाट्याला यांतले एकही आले नाही. त्यांची गाठ वेगळी होती, काळ वेगळा होता. कदाचित पाहता आले असते तरी काही करता आले नसते. पण आक्काने सत्तेचाळीस वर्षे एक शब्द गिळून ठेवला होता तो मुळात कोणी काही पाहिलेच नाही म्हणून, असे मला वाटते.

पुढच्या वर्षीच्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आक्काचा फोन आला. माझे जेवण कसे आहे, वजन वाढले का, अशी चौकशी झाली. मग म्हणाली, “बाळ, उद्या गुढी उभारायची आहे. बाजारात गेलास तर माझ्यासाठीही आण.”

“काय आणू? साखरेची माळ ना?”

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही.

“गाठी रे, गाठी,” आक्का म्हणाली. “चांगल्या मोठ्या बघून आण.”